पानाच्या माथ्यावरची ओसरी

इंटरनेट सुरू केलं की सर्वांत आधी जे पान समोर येतं, ते आपलं होमपेज. बातम्या, हवामान, टपाल, घड्याळ असे आपल्याला हवे ते चौकोन हव्या त्या जागी मांडून हे पान सजवण्याची सोय एके काळी काही कंपन्या देत असत. गूगलचं असं पान २००५ साली आलं. २००७ मध्ये त्याचं नाव 'आयगूगल' झालं आणि त्याच वर्षी त्याला थीम मिळाल्या. थीम म्हणजे पानाचा पेहराव. माथ्यावर एक लांबट चित्र आणि खालच्या चौकोनांना त्याला शोभतील असे रंग. 'टी हाउस' नावाच्या थीममधला कोल्हा काहींना आठवत असेल. सकाळी, दुपारी, रात्री पाहावं तेव्हा तो वेगळ्याच कामात असायचा.

२००८ साली अशी थीम कुणालाही स्वतः करता येऊ लागली. त्यासाठी प्रोग्रॅमिंग यावं लागत नसे. चित्रं इंटरनेटवर आपल्या जागेत ठेवायची आणि एका साध्या फाइलमध्ये कोणतं चित्र कुठे, कोणता रंग कशाला, हे लिहायचं. अडचण असे ती चित्राच्या रुंदीची. कुणाचा पडदा १०२४ ठिपक्यांचा, कुणाचा १२८०चा. मग माथ्याचं चित्र किती रुंद काढणार? यावर तोड अशी, की चित्राचे दोन भाग करायचे. एक छोटा तुकडा फरशीसारखा शेजारी शेजारी बसत जातो आणि पडदा कितीही रुंद असला तरी तो भरून काढतो. दुसरं चित्र मधोमध, एकदाच. मी आमच्या गुहागरच्या घराची ओसरी घेतली. लाकडी खांब आणि त्यामागची भिंत हा झाला फरशीचा तुकडा. ओसरीला खांब सारख्या अंतरावर असतातच, त्यामुळे ते पुन्हा पुन्हा आले तरी कुणाला खटकत नाही. मधे झोपाळा. तुकड्याची डावी कड उजवीशी तंतोतंत जुळली पाहिजे, नाहीतर भिंतीला दर वीतभर अंतरावर चीर पडलेली दिसते.

रंगांच्या बाबतीत मात्र हौसेला आवर घालावा लागतो. पान वाचायचं असतं, हे चित्र काढणारा पहिल्यांदा विसरतो. अक्षर आणि त्यामागचा रंग यांच्या उजेडातला फरक मोजण्याची रीत ठरलेली आहे. पांढऱ्यावर काळं म्हणजे २१ ला १. साध्या मजकुरासाठी हे प्रमाण निदान ४.५ ला १ असावं, असं वेबची सर्वमान्य नियमावली सांगते. पांढऱ्यावर भडक पिवळं लिहिलं तर ते १.०७ भरतं, म्हणजे जवळजवळ नाहीच! आपल्या लिपीला तर आणखी जपावं लागतं. शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, खाली उकार. नक्षीदार पट्टीवर मथळा टाकला की आधी अनुस्वाराचा ठिपका हरवतो, आणि 'गावांत पाणी' आलं होतं ते 'गावात पाणी' होऊन बसतं. म्हणून मथळ्याखाली सपाट रंगच बरा.

आता वेळेची गंमत. त्या फाइलमध्ये दिवसाचे तास लिहून प्रत्येक वेळेला वेगळं चित्र देता येई, आणि तास मोजले जात ते पान पाहणाऱ्याच्या गावचे. माझा थोरला भाऊ न्यू जर्सीला असतो. थीम त्याच्यासाठीच केलेली. त्याच्याकडे रात्रीचे आठ वाजले की ओसरीवरही रात्र. तो म्हणाला, "अरे, इथली रात्र मला खिडकीतून दिसतेच की. घरी आत्ता किती वाजलेत ते दाखव."

मग सगळे तास सरकवले. उन्हाळ्यात तिथलं घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा. म्हणजे त्याच्या रात्रीच्या आठला गुहागरला कधी पहाटेचे साडेपाच, तर कधी सकाळचे साडेसहा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं बदलतात, तेव्हा दर वर्षी दोनदा फाइल उघडून आकडे बदलायचे. हे काम मी कधी टाळलं नाही. आई म्हणायची, दिवाळीआधीची तुझी साफसफाई झाली वाटतं.

१ नोव्हेंबर २०१३ रोजी आयगूगल बंद झालं. चित्रं माझ्याकडेच होती. ती आता क्रोम ब्राउझरच्या थीममध्ये घालता येतात, रंगही तेच देता येतात, फक्त त्यांचे आकडे वेगळ्या रीतीनं लिहावे लागतात. पण त्या थीमला तासांचं काही कळत नाही. चित्र एकच ठेवायचं. भावाला विचारलं, तर त्यानं साडेपाचचं मागितलं. झोपाळा रिकामा, अंगणात काळोख आणि स्वयंपाकघरात दिवा लागलेला.