व्यायामानं सांधे दुखले, तर व्यायाम सोडायचा का?



आमच्या गटांतल्या बऱ्याच जणी हल्ली व्यायामाला लागल्या आहेत. कुणाला डॉक्टरांनी साखरेसाठी चालायला सांगितलंय, कुणी सूर्यनमस्कार घालतंय. पण आठ-दहा दिवस झाले की बैठकीत ऐकू येतं, "ताई, गुडघे धरलेत, मी चालणं बंद केलं." घरचेही म्हणतात, दिवसभर राबतेसच की, वेगळा व्यायाम कशाला? नुकसान होतं ते इथंच. सांधा दुखतो म्हणून हालचाल थांबते, हालचाल थांबली की स्नायू ढिले पडतात आणि स्नायू ढिले पडले की सांधा आणखी दुखतो. म्हणून आज हे दुखणं समजून घेऊ.

आधी बोट ठेवून बघा, दुखतंय कुठं? मांडी, पोटरी, दंड असा मांसल भाग दोन्ही बाजूंना दुखत असेल आणि ते दुखणं व्यायामानंतर बारा-चोवीस तासांनी सुरू झालं असेल, तर ते बहुधा स्नायूंचं. सुगीच्या पहिल्या दिवसानंतर अंग आंबतं ना, तसंच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते वाढतं आणि चार-पाच दिवसांत जातं. त्याला घाबरायचं नाही. पण व्यायाम चालू असतानाच गुडघ्याच्या वाटीपाशी, घोट्यात किंवा खांद्यात, त्यातही एकाच बाजूला टोचत असेल, तर दुखणं सांध्याचं असू शकतं. तिथं जपायला हवं.

सांध्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचं गुळगुळीत आवरण असतं. त्यात रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातल्या वंगणासारख्या पाण्यातून कूर्चेला पोषण मिळतं आणि हालचाल झाली की ते आत मुरतं. म्हणजे हालचाल हा सांध्याचा खुराकच आहे. मात्र धक्का झेलायचं काम बरंचसं मांडीचे स्नायू करतात. ते अशक्त असले की सांध्यावर जास्त ताण येतो.

मग दिवसभर राबतो ते? खुरपणी करताना, धुणं धुताना आपण तासन्‌तास उकिडव्या बसतो. त्यात दुमडलेल्या गुडघ्यावर दाब येतो, पण मांडीला पुरेशी ताकद मिळत नाही. अशा दमलेल्या गुडघ्यांनी पहिल्याच दिवशी तासभर भरभर चाललं, तेही झिजलेल्या चपलेत आणि सिमेंटच्या रस्त्यावर, तर ते कुरकुरणारच. गटात आपण नव्या सभासदाला पहिलं कर्ज लहान देतो, ते फिटलं की पुढचं वाढवतो. व्यायामाचंही तसंच ठेवा.

सुरुवात दहा मिनिटांनी करा. आधी पाच मिनिटं सावकाश चालून, हातपाय हलवून अंग गरम करा. दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. आठवड्यात एकूण १५० मिनिटं झाली की छान. मातीची सपाट वाट निवडा, मागं पट्टा असलेली चप्पल किंवा बूट घाला. उड्या आणि खोल बैठका सध्या नकोत.

आठवड्यातून दोन-तीनदा ताकदीसाठी हे तीन प्रकार करा. एक, खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठा-बसा. दोन, उताणं झोपून एक पाय गुडघ्यात वाकवा, दुसरा सरळ पाय वीतभर उचला, पाच आकडे मोजून खाली ठेवा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा. तीन, भिंतीला धरून टाचा उचला. वजन जास्त असेल तर थोडं उतरलं तरी फायदा होतो. एक किलो कमी झालं की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोनं कमी होतो.

किती दुखलं तर चालेल, हे दुसऱ्या दिवशीची सकाळ सांगते. सांधा आदल्या दिवसासारखाच असेल, तर तेवढाच व्यायाम चालू ठेवा. जास्त दुखत असेल, तर एखादा दिवस थांबा आणि मग निम्म्यावर या. पण पूर्ण बंद करू नका. सूज असेल तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटं लावा. ताज्या सुजेवर जोरानं चोळू नका. नुसतं आखडलं असेल तर कोमट शेक बरा.

दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी रोज घेणं मात्र धोक्याचं आहे. त्यानं पोटात व्रण होऊ शकतात, मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. रक्तदाब असलेल्या आणि गरोदर बायकांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये.

सांधा लाल, गरम होऊन सुजला, सोबत ताप आला, पायावर भार टाकता येईना, गुडघा मध्येच अडकू लागला, तर घरी थांबू नका. सकाळी बोटं तासभर आखडून राहत असतील किंवा चिकुनगुनियानंतरचं दुखणं हटत नसेल, तरीही प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. कुणाला सांगायचं कळत नसेल, तर आशाताईंना विचारा.

संसारासाठी आपण गुडघे झिजवतोच. दिवसातली दहा मिनिटं त्याच गुडघ्यांसाठी काढू. गटाच्या पुढच्या बैठकीत हप्त्यासोबत एकमेकींना हेही विचारू या, या आठवड्यात किती चाललीस आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा कसा होता?