अर्ज एकाचा, विचार घराचा

विलायतेस जाणें आणि विलायतेस राहणें यांत पूर्वींच्या पिढ्या फार मोठा भेद मानीत. मुलगा बॅरिस्टर होण्यासाठीं समुद्रापार निघाला, म्हणजे घरांतील वडीलधारी मंडळी मनांतून कितीहि धास्तावली, तरी तो परत येणार हें सर्वांनीं गृहीत धरलेलें असे. डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ सालीं अमेरिकेस गेल्या, त्या वैद्यकीची पदवी घेऊन स्वदेशीं परतण्याच्या निश्चयानेंच. १८८६ मध्यें त्यांनीं पदवी मिळविली आणि त्याच वर्षीं त्या परतल्या. आज सुशिक्षित घरांतून जो अर्ज भरला जातो, तो कायमच्या वास्तव्याचा असतो. तो भरला जात असतां घरांतील इतर माणसें बहुधा एवढेंच विचारतात कीं, "काम कधीं होणार?" काम झाल्यावर घराचें काय होणार, हें विचारावयाचें मात्र राहून जातें.

प्रस्तुत लेखांत कॅनडा देशाचें उदाहरण घेऊन ह्या अर्जाचें स्वरूप सांगण्याचें योजिलें आहे. कॅनडाच घेण्याचें कारण असें कीं, परदेशच्या कुशल माणसांस गुण देऊन निवडण्याची पद्धति जगांत प्रथम त्याच देशानें सुरू केली; इतर देशांनीं ती पुढें उचलली.

दार कसें उघडलें

हें दार आपल्यासाठीं सदैव उघडें नव्हतें. १९०८ सालीं कॅनडा सरकारनें असा नियम केला कीं, येणाऱ्यानें आपल्या मायदेशांतून वाटेंत कोठेंहि न थांबतां थेट आलें पाहिजे. हिंदुस्थानांतून असें थेट जहाज मिळणें जवळजवळ अशक्यच होतें. नियमांत हिंदी मनुष्याचें नांव न घेतां त्याला वगळण्याची ही युक्ति होती. १९१४ च्या मे महिन्यांत 'कोमागाता मारू' हें जहाज ३७६ उतारू घेऊन व्हँकूव्हर बंदरास लागलें. उतारूंत बहुसंख्य शीख होते आणि सर्वजण ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन होते; तरीहि थोडे लोक वगळतां कोणास उतरूं दिलें नाहीं, आणि दोन महिन्यांनीं जहाज परत लोटण्यांत आलें. ह्या कृत्याबद्दल कॅनडाच्या पंतप्रधानांनीं पार्लमेंटांत क्षमा मागितली, ती २०१६ सालीं! आपण स्वतंत्र झाल्यावरहि, १९५१ च्या कराराप्रमाणें, जवळच्या नातलगांखेरीज वर्षाकांठीं अवघ्या १५० भारतीयांस तेथें प्रवेश होता.

१९६२ मध्यें वंश पाहून निवड करण्याची चाल मोडली आणि १९६७ मध्यें गुणपद्धति आली. शिक्षण, वय, भाषा, धंद्यांतील कौशल्य यांस गुण देऊन १०० पैकीं ५० मिळविणारा पात्र ठरूं लागला. आज त्या गुणांच्या कोष्टकास कंटाळणाऱ्यानें हा इतिहास आठवावा. कोष्टक निष्ठुर खरें. पण बंदरावरील अधिकाऱ्याच्या मर्जीपेक्षां तें पुष्कळ बरें.

गुणांचें गणित

२०१५ च्या जानेवारीपासून ह्या निवडीस 'एक्स्प्रेस एंट्री' असें नांव मिळालें. परदेशांतून येऊं इच्छिणाऱ्या कुशल कामगारानें प्रथम १०० पैकीं ६७ गुण दाखवावयाचे. 'कामगार' ह्या शब्दानें दचकूं नये. हिशेबनीस, इंजिनियर, शिक्षिका, परिचारिका, सुतार, वीजतंत्री हे सर्व त्यांत येतात. पात्र ठरलेल्यांची मग एक यादी होते आणि त्या यादींत प्रत्येकास १२०० पैकीं गुण पडतात. सरकार वेळोवेळीं फेरी काढून वरच्या गुणांच्या उमेदवारांस अर्जाचें आमंत्रण धाडतें. २०२३ पासून कांहीं फेऱ्या विशिष्ट धंद्यांसाठीं किंवा फ्रेंच जाणणाऱ्यांसाठीं वेगळ्याहि निघूं लागल्या. तेव्हां पात्र ठरणें निराळें आणि आमंत्रण येणें निराळें, हें पक्कें ध्यानांत ठेवावें. यादींतील नांवाची मुदत १२ महिन्यांची असते, आणि आमंत्रण आल्यावर सर्व कागदपत्रांनिशीं अर्ज करावयास ६० दिवस मिळतात.

ह्या १२०० गुणांत वयाचा वांटा मोठा आहे. एकट्या उमेदवारास २० ते २९ ह्या वयांत ११० गुण मिळतात. तिसाव्या वर्षीं ते १०५ होतात, पस्तिसाव्या वर्षीं ७७, चाळिसाव्या वर्षीं ५० आणि पंचेचाळिसाव्या वर्षीं शून्य. हे आंकडे पाहून घरोघर घाई सुरू होते. परंतु भाषेचें गणित फार थोडे लोक मांडून पाहतात. समजा, उमेदवार एकटा आहे, त्याची एम. एस्सी. ही पदवी तिकडे मान्य झालेली आहे आणि त्याला तीन वर्षांचा येथील अनुभव आहे. त्यानें 'आयेल्ट्स' ह्या इंग्रजीच्या परीक्षेंत ऐकण्यांत ७॥ ऐवजीं ८ आणि वाचन, लेखन व संभाषण यांत ६॥ ऐवजीं ७ मिळविले, तर त्याचे एकूण ८२ गुण वाढतात. तिशीपासून पस्तिशीपर्यंत वयामुळें जातात ते गुण २८. म्हणजे दलालाच्या कचेरींत खेपा घालण्यांत जे सहा महिने जातात, ते मनःपूर्वक अभ्यासांत घातले तर पांच वर्षांच्या वयाची भरपाई जवळजवळ तिप्पट होते. फ्रेंच चांगलें येत असल्यास आणखी ५० गुणांपर्यंत लाभ होतो, आणि एखाद्या प्रांतानें नांव सुचविल्यास एकदम ६०० गुण मिळून आमंत्रण जवळजवळ निश्चित होतें. नोकरीच्या पत्रासहि पूर्वीं गुण होते. परंतु अशीं पत्रें पैसे घेऊन विकण्याचे प्रकार वाढल्यामुळें २०२५ च्या मार्चपासून ते गुण काढून टाकण्यांत आले.

पतिपत्नी मिळून जाणार असतील, तर मुख्य अर्जदार कोण हा प्रश्न येतो. आपल्या घरांत तो विचारलाहि जात नाहीं. अर्ज मुलाचा आणि सून त्याच्याबरोबर जाणारी, असें धरून चालतात. वास्तविक जोडीदारास जास्तींत जास्त ४० गुण असतात. बाकी सारा भार मुख्य अर्जदारावर. सुनेचें इंग्रजी सरस असेल, तिची पदवी वरची असेल किंवा तिचें वय कमी असेल, तर तिनेंच मुख्य अर्जदार होणें हिताचें. दोघांचेहि गुण कागदावर मांडावेत आणि मग ठरवावें. ज्या घरांत हा हिशेब प्रथमच मांडला जाईल, त्या घरास सुनेच्या योग्यतेची ओळखहि कदाचित् प्रथमच होईल.

कागदांची कसोटी

आपल्याकडील विवाहित स्त्रियांची एक अडचण येथें सांगितली पाहिजे. पदवीच्या प्रमाणपत्रावर माहेरचें नांव, पासपोर्टावर सासरचें नांव, आणि लग्नांत पहिलेंहि नांव बदललें असल्यास तिसराच घोटाळा. विद्यापीठानें सीलबंद धाडलेली गुणपत्रिका आणि पासपोर्ट हीं एकाच व्यक्तीचीं आहेत हें सिद्ध करण्यास विवाहनोंदणीचा दाखला किंवा राजपत्रांतील नांवबदलाची प्रसिद्धि हाताशीं असावी. पदवीची पारख पूर्ण होण्यास वेळ लागतो. म्हणून हें काम सर्वांत आधीं करावें.

अनुभवाच्या दाखल्यावर 'वर्तणूक उत्तम' एवढें लिहून भागत नाहीं. काम कोणतें केलें, आठवड्यास किती तास, वेतन किती, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, हें सारें त्यांत हवें. जुन्या मालकाशीं संबंध तुटलेले असतील, तर ते आतांच सांधावेत.

एकत्र कुटुंबास सर्वांत अवघड जाणारी गोष्ट पैशाची. तिकडे गेल्यावर आरंभीं निर्वाह करण्यापुरती रक्कम दाखवावी लागते. ती कुटुंबांतील माणसांच्या संख्येवर ठरते आणि दरवर्षीं बदलते. मागें राहणारीं बायकामुलेंहि त्या संख्येंत धरतात. आपल्या घरांत पैसा 'घरचा' असतो, वडिलांच्या किंवा थोरल्या भावाच्या खात्यांत असतो. कॅनडाचें सरकार घरचा पैसा ओळखीत नाहीं. तो अर्जदाराचा स्वतःचा आणि बिनकर्जी असावा लागतो. राहत्या घराची किंमत त्यांत धरीत नाहींत. बँकेच्या पत्रांत मागील सहा महिन्यांची सरासरी शिल्लकहि नमूद करावी लागते. त्यामुळें आदल्या आठवड्यांत काकांनीं भरलेली रक्कम लगेच डोळ्यांत भरते. वडिलांनीं खरोखरच पैसा द्यावयाचा असेल, तर तो बऱ्याच आधीं व लेखी देणगीपत्रानें द्यावा. आणि द्यावयाचा म्हणजे द्यावयाचा. तो परत मागावयाचा असल्यास तें कर्ज झालें.

कुटुंब म्हणजे कोण?

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. ह्या अर्जांत कुटुंब ह्या शब्दाचा अर्थ पति, पत्नी आणि २२ वर्षांखालील अविवाहित मुलें एवढाच आहे. आई-वडील त्यांत नाहींत. विधवा आत्या, धाकटा भाऊ, लग्नाची बहीण यांचा तर प्रश्नच नाहीं. भाऊ किंवा बहीण तेथें आधींच स्थायिक असल्यास १५ गुण मिळतात खरे; पण आपण तेथें स्थायिक झाल्यावर सज्ञान भावास बोलावून घेण्याची सोय सहसा नाहीं.

आई-वडिलांना पुढें नेऊं, असें आश्वासन निघतांना प्रत्येकजण देतो आणि तें मनापासून देतो. त्याचा अर्थ मात्र समजून घ्यावा. कायमसाठीं नेण्यास ठराविक उत्पन्न लागोपाठ तीन वर्षें दाखवावें लागतें, आणि क्वेबेक प्रांताबाहेर २० वर्षें त्यांच्या पोषणाची हमी लिहून द्यावी लागते. शिवाय संधि मिळेलच असें नाहीं; २०२० सालीं ज्यांनीं इच्छा नोंदविली, त्यांतूनच पुढें कित्येक वर्षें निवड होत राहिली. दुसरा मार्ग 'सुपर व्हिसा'चा. त्यावर २०२२ पासून एका खेपेस पांच वर्षांपर्यंत राहतां येतें; पण तें पाहुण्यासारखें, आणि किमान १ लाख डॉलरांचा आरोग्यविमा उतरवून. सत्तरीच्या आईस मधुमेह असेल, तर तो विमा किती महाग पडेल याची चौकशी निघण्यापूर्वींच करावी.

ह्याच संदर्भांत एक धोक्याची सूचना. अर्जांत जोडीदार किंवा मूल यांचें नांव कधींहि लपवूं नये, मग तें सध्यां बरोबर येणार नसलें तरी. ज्याचें नांव दाखविलें नाहीं, त्याला पुढें नातलग म्हणून बोलावण्याचा मार्ग बहुतेक कायमचा बंद होतो. खोटी माहिती दिल्याचें उघडकीस आलें, तर पांच वर्षें अर्जच करतां येत नाहीं. आणि ती माहिती दलालानें भरली ही सबब चालत नाहीं. पैसे घेऊन सल्ला देण्याचा अधिकार तिकडे वकिलांस, क्वेबेकमधील नोटरींस आणि २०२१ पासून चालू असलेल्या सल्लागारांच्या परवाना-संस्थेच्या सभासदांसच आहे. शिवाय अर्ज स्वतः भरतां येतो. यशाची हमी देणारा मनुष्य कितीहि गोड बोलला, तरी त्याला नमस्कार करून उठावें.

पोंचल्यानंतर

गुण मिळाले म्हणजे धंद्याचा परवाना मिळाला असें होत नाहीं. डॉक्टर, परिचारिका, औषधविक्रेता, इंजिनियर यांस तेथील प्रांतिक मंडळाचा परवाना निराळा काढावा लागतो. येथील डॉक्टरास पुन्हां परीक्षा द्याव्या लागतात आणि बहुधा रुग्णालयांतील उमेदवारीहि नव्यानें करावी लागते. ज्या पदवीनें दार उघडलें, त्याच पदवीवर आंत काम मिळत नाहीं, हा अनुभव अनेकांना येतो. म्हणून परवान्याची चौकशी येथूनच सुरू करावी आणि पहिल्या वर्षीं हलकें काम पत्करण्याची मनाची तयारी ठेवावी. घरच्यांनींहि त्या वर्षीं पगार विचारूं नये.

स्थायी रहिवासी झालेला मनुष्य भारताचा नागरिकच राहतो. मात्र दर पांच वर्षांत ७३० दिवस त्यानें तेथें काढले पाहिजेत. पांच वर्षांत १,०९५ दिवस भरल्यावर तो तेथील नागरिकत्व मागूं शकतो. तें घेतांच १९५५ च्या कायद्याप्रमाणें भारताचें नागरिकत्व संपतें. २००५ पासून मिळणाऱ्या परदेशस्थ नागरिकाच्या ओळखपत्रावर येतां-जातां येतें, पण मतदान करतां येत नाहीं. शेतजमीन परदेशीं स्थायिक झालेल्यास विकत घेतां येत नाहीं, वारशानें मात्र मिळूं शकते. कोकणांतील वाडी ज्या घरांत अद्याप सामाईक आहे, त्या घरानें ही गोष्ट टिपून ठेवावी.

आमचें म्हणणें, जाऊं नये असें मुळींच नाहीं. जाणारा मनुष्य कांहीं अपराध करीत नाहीं, आणि मागें राहणाऱ्यांनीं अश्रूंनीं त्याची वाट अडविणें हेंहि योग्य नव्हे. मागणें इतकेंच कीं, अर्ज धाडण्यापूर्वीं घरांतील सर्वांनीं एकदां एकत्र बसावें. आजारपणांत आई-वडिलांपाशीं कोण राहील, त्याचा खर्च कोण सोसील, वडिलांनीं दिलेला पैसा कोणाच्या वांट्यांतून गेला असें समजावयाचें, आणि घर व वाडी यांचें पुढें काय करावयाचें, हे चार प्रश्न मोकळेपणानें बोलून ठरवावेत व शक्य तर लिहून ठेवावेत. जो भाऊ मागें राहतो, त्याच्या वांट्यास येणारें काम कोणत्याहि कोष्टकांत बसत नाहीं आणि त्याबद्दल कोणतेंहि सरकार गुण देत नाहीं. ते गुण घरानेंच द्यावयाचे असतात. आणि ते आधीं दिले, तर जाणारा निश्चिंतपणें जातो व राहणारा मनांत अढी न ठेवतां राहतो.