थरथर नेमकी कोणाची?

पाचगणीहून वाईकडे पसरणीचा घाट उतरताना आमच्या संसारात एक बाका प्रसंग उद्भवला. गाडी ही चालवीत होती, मी शेजारी होतो आणि मागे सासूबाई बसल्या होत्या. एका वळणाआधी हिने ब्रेक दाबला आणि म्हणाली, "अहो, स्टिअरिंग हातात थरथरतंय."

"स्टिअरिंग नव्हे, तुझे हात थरथरताहेत," मी म्हणालो. "घाटात पहिल्यांदाच चालवतेस ना!"

ही काही बोलली नाही. सासूबाईही बोलल्या नाहीत. दोन पिढ्यांचे मौन एका लहानशा गाडीत कोंडले म्हणजे थंड हवेच्या ठिकाणाहून परततानाही घाम फुटतो. वाई येताच हिने किल्ली माझ्या हाती दिली आणि पुढे दोन महिने गाडी चालवायचे नाव काढले नाही.

आता एक गोष्ट कबूल केली पाहिजे. सुरूर फाट्यापुढे महामार्गावर ऐंशीच्या वेगात मी ब्रेक लावला, तेव्हा स्टिअरिंग माझ्याही हातात थरथरले. मी ते कोणालाही सांगितले नाही.

आमची गाडी सोळा वर्षांची. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, मागच्यांना ड्रम. वर्षापूर्वीच एका गॅरेजात पुढच्या डिस्क आणि पॅड नवे घातले होते. तेव्हा दोष ब्रेकचा असणार नाही, अशी मी मनाची समजूत घातली होती. शेवटी ओळखीच्या एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलो आणि "ब्रेक व्हायब्रेट होतो" एवढे सांगितले.

"ते सगळेच सांगतात, मास्तर," ते म्हणाले. "पहिल्यांदा कुणाला जाणवलं?"

"हिला."

"मग वहिनींना घेऊन या. दुखणं ज्याला कळलं त्यालाच विचारावं."

दुसऱ्या दिवशी ही आली. मिस्त्रींनी डॉक्टरसारखी प्रश्नांची सरबत्ती सुरू केली. ब्रेक न लावताही एका ठरावीक वेगाला गाडी थरथरते का? तसे असेल तर आधी चाकांचे बॅलन्सिंग आणि टायर पाहायचे. ब्रेक लावल्यावरच थरथरत असेल, तर कुठे? स्टिअरिंगमध्ये असेल तर बहुधा पुढची चाके. बसल्या जागी, सीटखाली असेल तर मागची. शंका उरलीच, तर मोकळ्या रस्त्यावर अगदी हळू वेगात हँडब्रेकचे बटण दाबून धरून तो हलकेच ओढायचा. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्याच चाकांना लागतो. तेव्हा गाडी हादरली तर मागचा ड्रम गोल राहिलेला नाही, असा संशय घ्यावा. एबीएस असलेल्या गाडीत जोरात ब्रेक दाबल्यावर पायाला जी कुरकुर लागते, तो मात्र रोग नव्हे. ते त्या यंत्रणेचे कामच आहे.

ही म्हणाली, "ब्रेक लावला की मगच. हातात, सीटखाली नाही. वेग जास्त तेव्हा जास्त, आणि घाटात ब्रेक तापल्यावर कमी वेगातही."

"निम्मं काम वहिनींनीच केलं," मिस्त्री म्हणाले.

मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो आहे की थरथर, हादरा, धडधड आणि गुरगुर हे समानार्थी शब्द नव्हेत. त्या दिवशी तो धडा मला गॅरेजात बसून पुन्हा शिकावा लागला.

चाक काढल्यावर मिस्त्रींनी डिस्कच्या कडेजवळ डायल गेजचा काटा टेकवला आणि डिस्क हळूहळू फिरवली. काटा ०.१५ मिलिमीटर हलला. वहीचा एक कागद असतो साधारण ०.१ मिलिमीटर जाडीचा. म्हणजे भानगड सारी दीड कागदाची! पण इथे एवढेही फार होते. डिस्क उतरवली तेव्हा मागच्या हबवर जुन्या गंजाचा पापुद्रा दिसला. नवी डिस्क त्या गंजावरच बसवली होती. मुळाशी असलेला तो बारीकसा तिरकसपणा कडेला वाढला होता. फिरताना डिस्कची तीच जागा दर फेरीला पॅडला घासत राहिली आणि हजारो किलोमीटरनंतर तिथे पातळ झाली. म्हणूनच प्रारंभी सारे ठीक वाटले आणि दुखणे मागाहून उपटले. "डिस्क वाकली" असे आपण म्हणतो. पुष्कळदा ती वाकलेली नसते, तिची जाडी सारखी राहिलेली नसते.

इलाज साधा होता. तारेच्या ब्रशाने आणि पॉलिश पेपरने हब लख्ख केला. डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. त्याहून आमची डिस्क पुरेशी जाड होती, म्हणून ती लेथवर तासून घेता आली. कॅलिपरच्या पिनांना ग्रीस लावले. बॉल जॉइंट आणि बुश सैल नाहीत ना हे पाहिले, कारण ते सैल असले म्हणजे लहान थरथरही मोठी होते. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क रेंचने, सारख्या जोराने आवळले. पान्याला लांब नळी लावून त्यावर उभे राहण्याची जी आपल्याकडे रीत आहे, तिच्यामुळेही डिस्क तिरकी बसू शकते.

निघताना मिस्त्रींनी मला घाटाचा हिशेब सांगितला. पाचगणी वाईहून सुमारे साडेपाचशे मीटर उंच आहे. माणसांसह हजार किलोची गाडी तेवढी खाली आणण्याचा भार केवळ ब्रेकवर टाकला, तर त्या उष्णतेने पंधरा लिटर पाण्याची बादली उकळेल. म्हणून ज्या गिअरात घाट चढावा, त्याच गिअरात उतरावा. ब्रेक लालबुंद तापले असताना गाडी थांबवून पाय तसाच दाबून ठेवू नये. पॅडचा थर डिस्कवर एकाच जागी चिकटतो आणि पुन्हा थरथर सुरू होते. पेडल मऊ लागू लागले किंवा गाडी एका बाजूस ओढू लागली, तर मात्र प्रवास तिथेच थांबवावा.

घरी परतताना मी हिला म्हणालो, "खरं सांगू? सुरूरपाशी माझ्याही हाताला ते जाणवलं होतं."

"ठाऊक आहे," ही म्हणाली. "मी शेजारीच बसले होते."

आणि तिने किल्लीसाठी हात पुढे केला.