रक्तपट्टिकांचे पाठभेद व उत्तर कोंकणची वसती

ठाण्याहून भिवंडीकडे जातांना खाडी ओलांडली कीं कशेळीपुढें काल्हेर लागतें. ह्या गांवाभोंवतीं आतां गोदामांच्या रांगा उभ्या असून जुन्या आगरी घरांच्या शेजारीं परप्रांतांतून आलेले कामकरी राहतात. कै. राजवाडे ह्यांनीं १९२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या महिकावतीच्या बखरींत उत्तर कोंकणांत येऊन वसलेल्या कुळांची हकीकत आहे. रक्तपरीक्षेनें ती हकीकत पडताळून पाहावी, असा मोह संशोधकांस पडणें साहजिक आहे. तो कितपत साधार, हें पाहूं.

रक्त थांबविण्याचें काम करणाऱ्या सूक्ष्म रक्तपट्टिकांच्या (प्लेटलेटांच्या) पृष्ठावरील प्रथिनांत माणसागणिक किंचित् भेद असतात. त्यांस प्रतिजन म्हणतात. पोथीच्या नकलेंत एखादें अक्षर पालटावें, तसा हा प्रकार. एचपीए-१ ह्या प्रतिजनाचे 'अ' व 'ब' असे दोन पाठ आहेत आणि दोहोंत अंतर एकाच घटकाचें: ३३ व्या स्थानीं ल्यूसिन किंवा प्रोलिन. युरोपीय लोकांत शेंकडा सुमारें २ माणसांत 'अ' पाठ नसतो; जपान व चीन येथें असा मनुष्य विरळा. उलट एचपीए-४ चा 'ब' पाठ जपानांत आढळतो, युरोपांत तो जवळजवळ नाहीं. आईजवळ नसलेला पाठ पित्याकडून गर्भास मिळाल्यास आईच्या रक्तांत त्याविरुद्ध प्रतिपिंडें उत्पन्न होऊं शकतात. त्यामुळें अर्भकाच्या रक्तपट्टिका नष्ट होऊन क्वचित् मेंदूंत रक्तस्राव होतो. अशा वेळीं तो पाठ नसलेला दाता शोधावा लागतो. युरोपांत उपयोगी पडणारी दात्यांची यादी जपानांत पुरी पडत नाहीं, ती ह्याच कारणानें. आणि काल्हेरसारख्या मिश्र वसतींत एका समाजावरून दुसऱ्याचें अनुमान करणें तर अर्भकाच्या जिवावर बेतणारें आहे.

तांबड्या पेशींचें असेंच एक उदाहरण आपल्या घरचें आहे. १९५२ सालीं भेंडे, देशपांडे, भाटिया प्रभृतींनीं वर्णिलेल्या 'मुंबई रक्तगटां'त, ज्यापासून अ व ब हे गट घडतात तें 'एच' द्रव्यच नसतें. नेहमींच्या परीक्षेंत तें रक्त 'ओ' भासतें. पण त्या मनुष्यास 'ओ' रक्त चालत नाहीं. १९७४ च्या पाहणीप्रमाणें मुंबईंत सुमारें ७,६०० माणसांत असा एक सांपडतो. युरोपांत दहा लाखांत एखादा. रियुनिअन बेटावरील हिंदी वंशाच्या लोकांतही ह्या गटामागचा हिंदी पाठच मिळाला. परंतु तेथीलच युरोपीय वंशाच्या कुळांत 'एच'ची जी उणीव आहे, तिचा पाठ निराळा निघाला. म्हणजे बाह्य खूण सारखी, पण मूळ प्रत वेगळी! बखरींचे पाठ जुळविणारास हें नवें वाटूं नये.

ह्यापूर्वीं एकदां घाई झालीच आहे. १९१८ सालीं सालोनिका येथें हिर्झफेल्ड दांपत्यानें निरनिराळ्या देशांच्या सैनिकांचें रक्त तपासलें. हिंदी सैनिकांत ब गटाचें प्रमाण युरोपीयांहून अधिक निघालें, हें खरें. पण त्यावरून मानवाच्या दोन मूळ वंशांची जी कल्पना पुढें आली, ती टिकली नाहीं. पाठाचें प्रमाण समूहाविषयीं बोलतें. अमुक घराणें पैठणाहून आलें कीं चांपानेराहून, हें त्यावरून ठरत नाहीं.

आमच्या संग्राहकांकडील कुळवह्या व वतनपत्रें मात्र वैद्यांच्या उपयोगीं पडतील. दात्याची नोंद करतांना नुसतें जातीचें नांव न लिहितां आजा-आजीचीं मूळ गांवें लिहिलीं, तर कोणत्या टापूंत कोणता पाठ शोधावा, हें त्यांस कळेल.