धानाची लोंबी आणि शोधकाचा हक्क

सानगडीच्या परिसरांत कोणत्याही दुकानीं जाऊन चांगला बारीक तांदूळ मागावा, तर दुकानदार ज्या जातींचीं नांवें घेईल त्यांत एचएमटीचें नांव बहुधा असावयाचेंच. हें नांव विदर्भांत इतकें रुळलें आहे कीं, तें कोणाच्या कष्टांतून आलें हा प्रश्न घेणाऱ्यास पडत नाहीं आणि देणाऱ्यासही पडत नाहीं. घड्याळाचें नांव तांदळास कसें लागलें असें एखाद्या जिज्ञासु पोरानें विचारलेंच, तर त्यास गप्प बसविण्यांत येतें. आज आम्ही तोच पोरकट प्रश्न हातीं घेत आहों. कारण त्याच्या पोटीं एक मोठा प्रश्न दडलेला आहे. मनुष्यानें आपल्या बुद्धीनें व श्रमानें एखादी नवी वस्तु निर्माण केली, तर तिच्यावर त्याचा हक्क कोणता, आणि तो त्यानें राखावा कसा?

लाखांदुरापलीकडे वैनगंगा ओलांडली कीं ब्रह्मपुरी लागते व तिच्यापुढें नागभीड. त्या तालुक्यांत नांदेड नांवाचें एक खेडें आहे. मराठवाड्यांतील प्रसिद्ध नांदेड तें हें नव्हे. तेथील दादाजी रामाजी खोब्रागडे हे दीड एकराचे धनी, शिक्षण तिसऱ्या इयत्तेपर्यंत. १९८३ सालीं त्यांच्या बांधींत पटेल-३ जातीचें धान उभें असतां कांहीं लोंब्यांचे दाणे इतरांहून निराळे, पिवळसर असे त्यांना दिसले. असल्या लोंब्या दरसाल शेंकडों शेतकऱ्यांच्या विळ्याखालीं जात असतील. दादाजींनीं त्या वेगळ्या काढून जपून ठेविल्या, पुढील हंगामांत वेगळ्या पेरल्या, आणि निवड करण्याचा हा क्रम वर्षामागून वर्ष चालविला. प्रयोगशाळा नाहीं, सहाय्यक नाहीं, अनुदान नाहीं. एक डोळा आणि एक चिकाटी. दाणा बारीक, भात चवदार व उतारा मूळ जातीहून अधिक असा एक वाण त्यांतून सिद्ध झाला. बाजारांत त्याला त्या काळीं लोकप्रिय असलेल्या एचएमटी घड्याळाचें नांव पडलें. म्हणजे शोधकाचें नांव त्याच्या वस्तूस लागलें नाहीं, तें लागलें एका कंपनीच्या छापाचें! तीं घड्याळें करणारी कंपनी बंद करण्याचा निर्णय २०१६ सालीं झाला. तांदूळ मात्र अजून तेंच नांव मिरवीत आहे.

बी मागावयास आलेल्यास दादाजींनीं बी दिलें. १९९४ सालीं सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रानेंही प्रयोगासाठीं म्हणून आपल्याकडून पांच किलो बी नेलें, असें त्यांचें सांगणें होतें. पुढें १९९८ सालीं अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठानें 'पीकेव्ही-एचएमटी' या नांवानें वाण प्रसिद्ध केला. मूळ बियाण्याचें शुद्धीकरण आम्हीं केलें, अशी विद्यापीठाची बाजू. शुद्धीकरण हेंही शास्त्राचेंच काम आहे, तें कोणी कमी लेखूं नये. परंतु शुद्ध करावयास आधीं कांहीं तरी असावें लागतें, आणि तें ज्याच्या खळ्यावरून आलें त्याचें नांव ठळकपणें पुढें ठेवण्यांत शास्त्राचें काय जाणार होतें, हें आम्हांस कळत नाहीं.

मान पुढें मिळाला. २००५ सालीं राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाचा पुरस्कार राष्ट्रपति डॉ. कलाम यांच्या हस्ते झाला. २०१० सालीं 'फोर्ब्स' मासिकानें ग्रामीण उद्योजकांच्या यादींत दादाजींची गणना केली. परंतु यादींत नांव येणें निराळें आणि घरांत चूल पेटणें निराळें. ३ जून २०१८ रोजीं ते वारले. अखेरचे दिवस पक्षाघातानें व पैशाच्या ओढाताणींत गेले.

ही हकीकत ऐकून शहरांतील सुशिक्षित गृहस्थ चटकन् म्हणतात, "मग त्यांनीं पेटंट कां घेतलें नाहीं?" जणूं पेटंट म्हणजे तहसील कचेरींतला एखादा दाखला! म्हणून पेटंट म्हणजे काय हें प्रथम समजून घेऊं. पेटंट हा सरकार व शोधक यांच्यामधील एक सौदा आहे, आणि सौदा म्हटला कीं आमच्या व्यापारी वाचकांस तो सांगावा लागत नाहीं. शोधकानें आपली युक्ति, जाणत्या कारागिरास ती करून पाहतां येईल इतक्या स्पष्टपणें, कागदावर लिहून द्यावयाची. त्याच्या मोबदल्यांत सरकार त्यास अर्जाच्या तारखेपासून २० वर्षें असा हक्क देतें कीं, त्याच्या परवानगीवांचून दुसऱ्या कोणीं ती वस्तु करूं वा विकूं नये. मुदत सरली कीं ती युक्ति सर्वांची. हिंदुस्थानांत असा पहिला कायदा १८५६ सालीं झाला, तेव्हां मुदत १४ वर्षांची होती. त्याखालीं पहिला अर्ज केला तो कलकत्त्याच्या डी-पेनिंग नांवाच्या एंजिनिअरानें, आणि शोध होता पंखा ओढण्याच्या यंत्राचा. साहेबाच्या डोक्यावरचा वारा, हें आमच्या पेटंटांचें मूळपीठ!

युक्ति नवी असली पाहिजे, त्या धंद्यांतील जाणत्या माणसास सहज सुचण्यासारखी नसली पाहिजे, व ती कारखान्यांत वा धंद्यांत उपयोगीं पडली पाहिजे, अशा तीन कसोट्या आहेत. यांपैकीं पहिलीवरच आमचे लोक बहुधा पडतात. समजा, साकोलीच्या एखाद्या लोहारानें चिखलांत न रुतणारें निंदणीचें यंत्र केलें. आनंदाच्या भरांत तो तें मंडईंत चालवून दाखवितो, वर्तमानपत्रांत चित्र येतें, आणि मग सहा महिन्यांनीं तो वकिलाकडे जातो. तोंवर वस्तु जगजाहीर होऊन तिचें नवेपण संपलेलें असतें. कायद्याला नंतरची हळहळ समजत नाहीं. आधीं अर्ज, मग गाजावाजा, हा क्रम उलटतां कामा नये. यंत्र पुरें झालें नसेल तरी तात्पुरतें वर्णन दाखल करून तारीख पदरांत पाडून घेतां येते, आणि पुरें वर्णन देण्यास १२ महिने मिळतात. महाराष्ट्राचे अर्ज मुंबईच्या कचेरींत जातात. एकट्या माणसास ऑनलाइन अर्जाचे १,६०० रुपये व तपासणीचे ४,००० रुपये पडतात. वर्णन लिहून देणाऱ्या जाणत्याचा मेहनताना मात्र याहून पुष्कळ अधिक, आणि गरीब शोधक अडतो तो तेथेंच.

पेटंट म्हणजे पैशाची थैली, अशीही कोणी समजूत करून घेऊं नये. मुंबईचे शंकर आबाजी भिसे यांनीं छापखान्याचे खिळे पाडण्याच्या यंत्रावर विलायतेंत व अमेरिकेंत पेटंटें घेतलीं, रतन टाटांसारख्यांचें भांडवल मिळविलें, तरी १९३५ सालीं न्यूयॉर्कमध्यें मरेपर्यंत त्यांची झगड्यांतून सुटका झाली नाहीं. हक्क हातीं असला तरी तो वसूल करण्यास भांडवल लागतें. पण हक्कच नसेल तर भांडावयाचें कशावर?

आतां दादाजींकडे वळूं. त्यांनीं पेटंट घेतलें नाहीं, कारण तें त्यांना मिळालेंच नसतें. १९७० च्या कायद्यानें शेतीच्या पद्धतींस पेटंटाबाहेर ठेविलें होतें, व २००२ च्या दुरुस्तीनें बियाणें, वनस्पति व त्यांचे वाण हीं तर स्पष्ट शब्दांनीं वगळलीं. हें वगळणें आमच्या मतें योग्यच आहे. ज्या धान्यावर मनुष्य जगतो त्याची मक्तेदारी यंत्राच्या मक्तेदारीसारखी देतां येत नाहीं. परंतु वगळलेल्यासाठीं दुसरें दार उघडण्यास सरकारास २००१ साल उजाडावें लागलें. त्या सालच्या पीकवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानें, नवा वाण काढणाऱ्या शेतकऱ्यास मोठ्या बियाणें कंपनीच्या बरोबरीनें नोंदणीचा अधिकार दिला, त्यासाठीं फी माफ केली, आणि भातासारख्या पिकास १५ वर्षांचें संरक्षण ठेविलें. 'पीकेव्ही-एचएमटी' प्रसिद्ध झाल्यानंतर तीन वर्षांनीं!

या कायद्याची एक बाजू आम्हांस विशेष मोलाची वाटते. नोंदलेल्या वाणाचें बी देखील शेतकऱ्यानें राखावें, पेरावें, शेजाऱ्यास द्यावें, विकावें. फक्त छापाच्या पिशवींत भरून त्या नांवानें विकूं नये. २०१९ सालीं पेप्सिको कंपनीनें आपल्या बटाट्याच्या वाणासाठीं गुजरातेंतील शेतकऱ्यांवर दावे लावले, आणि देशभर ओरड होतांच त्याच सालीं ते मागें घेतले; त्या ओरडीस आधार होता तो याच तरतुदीचा. म्हणजे बी वांटण्याची आमची जुनी रीत कायद्यानें मोडलेली नाहीं. दादाजींनीं ओंजळ मोकळी ठेविली यांत त्यांची चूक नव्हती. कोहळी पाटलांनीं या मुलखांत जे तलाव बांधले, त्यांच्या पाण्यावरही कोणीं मक्ता सांगितला नाहीं. तरी नवेगांवबांधच्या तलावाशीं कोलू पाटलाचें नांव लोक आजही जोडतात. ओंजळ मोकळी असणें आणि नांव पुसलें जाणें या दोन भिन्न गोष्टी आहेत.

भंडारा चिन्नोर तांदळास भौगोलिक निर्देशन मिळाल्याचा आमच्या वाचकांस अभिमान आहे व तो असावा. पण तें निर्देशन प्रदेशाचें आहे, माणसाचें नव्हे. उद्यां सानगडीच्या एखाद्या बांधींत वेगळी लोंबी दिसली, तर ती ज्याला दिसली त्याची नोंद निराळीच व्हावी लागेल. त्याच्या अर्जावर ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीचे अध्यक्ष किंवा जिल्हा कृषि अधिकारी यांसारख्यांची शिफारस लागते. नवा वाण म्हणून नोंदवावयाचा तर अर्जापूर्वीं एक वर्षाहून अधिक काळ तो विकला गेलेला चालत नाहीं. हें किती शेतकऱ्यांस ठाऊक आहे? आणि किती समित्यांच्या अध्यक्षांस?

आमची मागणी लहान आहे. दोन पोतीं धान गिरणींत टाकलें तरी चिठ्ठी मिळते. मग सरकारी संशोधन केंद्राच्या, विद्यापीठाच्या किंवा बियाणें कंपनीच्या माणसानें शेतकऱ्याच्या घरून प्रयोगासाठीं मूठभर बी नेलें, तर त्याची पावती कां असूं नये? पावतीवर तारीख, वजन, देणाऱ्याचें नांव, वाणाचें त्यानें ठेविलेलें नांव व नेण्याचें कारण लिहावें, एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरीं राहावी, आणि त्या बियाण्यांतून पुढें वाण निघाल्यास त्याच्या प्रसिद्धिपत्रकांत त्या पावतीचा उल्लेख करणें बंधनकारक असावें. साकोलीस भाताचें संशोधन केंद्र आहे, सिंदेवाहीस आहे. ही रीत तेथून सुरू करण्यास नवा कायदा लागत नाहीं; विद्यापीठाचें एक परिपत्रक पुरेल.