रायफलची नळी कशाने झिजते?

.३०८ रायफलच्या नळीतून गोळी बाहेर पडायला साधारण एक ते दीड मिलिसेकंद लागतो. स्पर्धेतली अचूकता टिकवायची तर अशी नळी सुमारे पाच हजार गोळ्यांनंतर बदलावी लागते, असं धरलं, तर तिचं कामाचं सगळं आयुष्य भरतं जेमतेम पाच ते साडेसात सेकंद. बाकीची वर्षं ती कपाटात पडून असते, नाहीतर कुणीतरी ती साफ करत असतं. आणि त्या काळातही ती झिजू शकते.

गोळीच्या घासण्याने नळी झिजते, असं बहुतेकांना वाटतं. पण गोळीवरचं तांब्याचं वेष्टन पोलादापेक्षा मऊ असतं; घर्षणाचा वाटा त्यामानाने थोडा. खरा मारा असतो वायूचा. दारू पेटली की अडीच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला वायू चेंबरच्या लगेच पुढे, जिथे पिळाच्या खोबणी सुरू होतात, तिथे घुसतो. पोलादाचा वरचा पापुद्रा क्षणात तापतो आणि क्षणात निवतो. वायूतला कार्बन आणि नायट्रोजन शोषून तो कडक, ठिसूळ बनतो. मग उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याच्या तळासारख्या त्याला भेगा पडतात आणि पुढच्या प्रत्येक बाराचा झोत त्या भेगांच्या कडा खरवडून नेतो. नळी तापलेली असताना भराभर गोळ्या झाडल्या तर हे सगळं कितीतरी वेगाने घडतं.

हा धडा ब्रिटिश सैन्याला महागात पडला. १८८८ साली त्यांनी ली-मेटफर्ड रायफल स्वीकारली. तिच्या सात उथळ, गोलसर कडांच्या खोबणी विल्यम मेटफर्ड या इंजिनिअरने आखलेल्या. काळ्या दारूची काजळी अशा खोबणीत कमी साचते, हा त्यामागचा विचार, आणि काळ्या दारूपुरता तो अगदी बरोबर होता. पण लवकरच कॉर्डाइट ही नवी दारू आली. त्यात ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन, ३७ टक्के गनकॉटन आणि ५ टक्के व्हॅसलीन. काजळी गेली, पण उष्णता इतकी वाढली की मेटफर्डच्या नाजूक खोबणी बघता बघता पुसट होऊ लागल्या. १८९५ साली नळीत पाच खोल, चौकोनी कडांच्या खोबणी पाडल्या गेल्या, तीच ली-एनफिल्ड. पुढे १९०१ मध्ये दारूचं मिश्रणही बदललं: नायट्रोग्लिसरीन ३० टक्क्यांवर आणलं, गनकॉटन ६५ वर नेलं. ज्वाला निवली, नळ्यांचं आयुष्य वाढलं. या इतिहासातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच. पोलाद तेच ठेवून, नुसती दारू थंड करूनही नळी वाचवता येते.

.२२ ची नळी म्हणूनच इतकी टिकते. .३०८ च्या काडतुसात जवळपास तीन ग्रॅम दारू असते, .२२ मध्ये ग्रॅमचा दहावा हिस्साही जेमतेम. गोळीही मऊ शिशाची. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं, त्या प्रकारात हीच .२२ चालते. नीट राखली तर तिच्या आयुष्याचा हिशेब हजारांत नाही, लाखांत करावा लागतो.

नीट राखली तर! एनसीसीतल्या प्रत्येकाला पुलथ्रू, म्हणजे नळी साफ करायची दोरी, आणि तिला अडकवायची चिंदी माहीत असते. दोरी तिरकी ओढली की ती नळीच्या तोंडाच्या कडेवर घासते. त्यात वाळूचे कण अडकलेले असले तर वर्षानुवर्षांच्या ओढण्याने पोलादातही चर पडतो. गोळी सुटताना तिला शेवटचा स्पर्श होतो तो याच कडेचा. तिथे एका बाजूने जरा जास्त वायू निसटला की गोळी भरकटते. चेंबरजवळची झीज परवडली, तोंडाची नाही. जुन्या .३०३ ली-एनफिल्डची गोष्ट याच्या उलट, ती साफ न केल्याने बिघडायची: तिच्या काडतुसाच्या टोपीतल्या पोटॅशियम क्लोरेटमुळे नळीत क्षार उरायचा, तो हवेतली ओल ओढून गंज चढवायचा, आणि तेलाने तो विरघळत नसे. म्हणून शिपाई आधी कढत पाणी ओतत, कोरडं करत, मगच तेल लावत. पावसाळी हवेत एक रात्र आळस केला तरी नळी खराब व्हायची.

आज कॅडेटच्या हाती पुलथ्रू देणाऱ्या प्रत्येक उस्तादाने एवढं बघावं: दोरी चेंबरकडून तोंडाकडे, नळीच्या सरळ रेषेत, एका दमात ओढली जाते आहे ना, आणि चिंदी नेमक्या मापाची आहे ना. जाड चिंदी मधेच अडकते, आणि मग ती काढायला जी गज-सळई खुपसली जाते, ती नळीचं वाटोळं करते.