मीठ पांढरे की गुलाबी?

गेल्या महिन्यात एक सासूबाई तीन महिन्यांच्या गरोदर सुनेला घेऊन दवाखान्यात आल्या. आहाराची चौकशी करताना त्या अभिमानाने म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, पाकिटातले मीठ आम्ही वर्षभर बंद केले आहे. त्यात केमिकल असते म्हणतात. घरात आता फक्त सैंधव!" हेतू चांगला होता, पण वेळ नेमकी चुकीची होती.

हे 'केमिकल' म्हणजे आयोडिन. गळ्यातील थायरॉइड ग्रंथी त्यापासून संप्रेरक तयार करते. प्रौढ माणसाला त्याची रोजची गरज केवळ १५० मायक्रोग्रॅम, गरोदरपणी २५०. पहिल्या काही महिन्यांत गर्भाला हे संप्रेरक आईकडूनच मिळते. त्या काळात आयोडिन फार कमी पडले तर गर्भपात होऊ शकतो, किंवा बाळ मतिमंद, बहिरे जन्मू शकते. मेंदूची ही हानी पुढे भरून निघत नाही. गलगंड दिसतो, हे नुकसान मात्र चटकन दिसत नाही.

पाऊस आणि पूर जमिनीतील आयोडिन धुऊन नेतात, म्हणून तेथील पिकांतही ते कमी पडते. १९५६ पासून हिमाचलातील कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी काही गावांना आयोडिनयुक्त, तर काहींना साधे मीठ दिले. आयोडिनच्या गावांत गलगंड स्पष्टपणे घटला. त्यानंतर १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. साध्या खाद्यमिठाच्या विक्रीवरील बंदी २००० साली केंद्राने उठवली होती, ती २००६ मध्ये पुन्हा लागू झाली.

"समुद्राच्या मिठात आयोडिन असणारच," असे पुष्कळांना वाटते. पण मिठागरात मीठ तयार होईपर्यंत ते नगण्य उरते. सैंधव खाणीतले, त्यातही ते पुरेसे नसते. त्यातील इतर खनिजे चिमूटभर मिठातून मिळतात ती नाममात्रच.

तेव्हा वाचकहो, एवढे करा. पाकिटावर 'आयोडिनयुक्त' शब्द पाहून मीठ घ्या. ते झाकणाच्या कोरड्या बरणीत, चुलीपासून दूर ठेवा, कारण ओल, ऊन आणि उष्णता यांनी आयोडिन घटते. शक्यतो पदार्थ शिजत आल्यावर मीठ घाला. आयोडिन हवे म्हणून मीठ वाढवू नका. दिवसाला चहाचा एक सपाट चमचा ही कमाल मर्यादा. रक्तदाबाच्या रुग्णांनी मीठ कमी खावे, पण जे खातील ते आयोडिनचे. थायरॉइडचे औषध चालू असणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

सासूबाईंना मी म्हणालो, "मावशी, उपवासाला सैंधव खुशाल वापरा. रोजच्या भाजी-आमटीत मात्र पाकिटातलेच मीठ."

"आणि लोणच्याला खडे मीठ?"

"चालेल की! पण सूनबाईंचे पोट काही लोणच्यावर भरणार नाही."

सूनबाई हसल्या. पुढच्या तपासणीला आल्या तेव्हा पाकीट बदलल्याचे त्यांनीच आधी सांगितले.